मामीच्या दातांमधली फट

माझ्या मामाच्या घरी दुपारची झोप लागली की स्वप्नातसुद्धा कोणीतरी हसत असायचं. त्याचं कारण साधं होतं. लहानपणी मला ज्या खोलीत झोपवायचे, त्या खोलीच्या तिन्ही भिंतींवर फळ्या होत्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे दात. वरची रांग, खालची रांग, एकमेकींवर बसवलेल्या. चेहरे नाहीत, डोळे नाहीत, नुसतं हसू. खिडकीतून ऊन आत यायचं, हवेत प्लास्टरची धूळ तरंगत असायची आणि ती सगळी तोंडं हळूहळू पिवळसर होत जायची. तेवढ्यात स्वयंपाकघरातून चॉकलेटचा वास यायचा. माझे डोळे जड व्हायचे, आणि झोपेत शिरता शिरता वाटायचं की या मंडळींना वास आलाय, म्हणून ही खूश आहेत.

दुसऱ्या कुठल्या मुलीला तिथे झोपवलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. मला मात्र आजही दुसरीकडे कुठे तशी झोप लागत नाही. मी आता मोठी झाले, टपाल कचेरीत खिडकीमागे बसते, दिवसभर लोकांवर खेकसते. पण सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या खोलीत जाऊन आडवी होते. तिथे मला कोणी उठवत नाही.

मामा त्याच खोलीत कवळ्या बनवतो. गल्लीत त्याला सगळे ‘बत्तीशी’ म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तो ओ देतो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टरीण लोकांच्या हिरड्यांचे साचे घेऊन त्याच्याकडे पाठवते. तो त्यात प्लास्टर ओततो, मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवतो, घासतो, काढतो, परत बसवतो. हे करताना तो श्वाससुद्धा जपून घेतो. माणसांची नावं त्याच्या लक्षात राहत नाहीत. बाजारात कोणी हाक मारली तर हा कोण ते त्याला कळत नाही. तो माणूस हसला की लगेच कळतं. “अरे वा, तुमची उजवीकडची दाढ काय म्हणते?” असं भर रस्त्यात विचारून त्याने कित्येकांची पंचाईत केली आहे.

मामीच्या चॉकलेट-ओट्सच्या कुकीज या कामात शिरल्या त्या अशा. नवी कवळी घातलेल्या माणसाला तिथल्या तिथे काहीतरी चावायला द्यावं लागतं. पूर्वी मामा सफरचंदाची फोड द्यायचा. नव्या कवळीखाली फोड सटकते, माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस कवळीला नावं ठेवतो. एकदा असंच कोणीतरी रडकुंडीला आलेलं पाहून मामीने आपल्या डब्यातली कुकी पुढे केली. मामाला हवं ते सगळं तिच्यात निघालं. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. ओट्स चावावे लागायचे आणि चॉकलेट टाळूला चिकटून कवळीची ओढाताण करायचं. कुकी संपेपर्यंत कवळी जागची हलली नाही तर मामा खूश. ओट्सचा कण खाली जाऊन टोचलाच, तर म्हणायचा, “काढा, अजून थोडी घासतो.” तेव्हापासून मामी नेमाने कुकीज करायला लागली. नवशिक्यांसाठी मऊ, सरावलेल्यांसाठी जरा जास्त भाजलेल्या, असे दोन डबे असायचे. मी दोन्हींत हात घालायचे.

मामी बुटकी, गोल, कामाला वाघ आणि जिभेला त्याहून. पण हसायची वेळ आली की तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती आणि बाजूचा एक दात शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकल्यासारखा कलला होता. शाळेत तिला त्यावरून फार चिडवलं होतं म्हणे. घरातल्या एकूण एक फोटोत तिचे ओठ घट्ट मिटलेले आहेत, लग्नाच्या फोटोतसुद्धा. मामाने कितीदा विनवलं, “अगं, एकदा तुझा साचा घेऊ दे. सगळ्या गल्लीचं हसू भिंतीवर आहे, तुझंच नाही.” ती म्हणायची, “लोकांच्या तोंडात बघता ते पुरे नाही का झालं? माझ्या तोंडात डोकवायचं काम नाही.” फळीवर माझे दुधाचे दातसुद्धा होते, मध्ये खिंडार पडलेले. मामीची जागा तेवढी रिकामी होती.

आपल्या स्वयंपाकघरात मात्र ती दातांचं काहीही लपवायची नाही. कुकीजसाठी चॉकलेटची जाड लादी यायची. ती सुरीने चिरायच्या आधी मामी तिचा एक कोपरा दाताने तोडायची, कचकन. डोळे मिटून चघळायची. मग निकाल द्यायची, “आजचं कडू आहे. साखर थोडी वर टाकू.” आणि कुकीज झाल्या, मामी खायला बसली, की थोड्या वेळाने हमखास एक आवाज यायचा. ‘च्च.’ फटीत ओट्सचा कण अडकलेला असायचा आणि मामी हवा ओढून तो काढायच्या खटपटीत असायची. आतल्या खोलीतून मामा विचारायचा, “अडकला?” मामी म्हणायची, “अडकला.” पुढे काही नाही. मी अर्धवट झोपेत ते ऐकायचे आणि कूस बदलायचे. सगळं जागच्या जागी आहे असं वाटायचं.

मागच्या वर्षी मामी बाजाराच्या पायऱ्यांवरून पडली. दोन्ही हातांत पिशव्या, त्यामुळे हात टेकता आले नाहीत. पुढचे दात तिथेच गेले. वरचे बाकीचे आधीपासूनच हलत होते, तेही डॉक्टरीणबाईंनी काढून टाकले. हिरड्या भरून यायला कित्येक महिने लागणार होते. त्या काळात मामी तोंडासमोर रुमाल धरून बोलायची, नाहीतर बोलायचीच नाही. आमचं जेवण उरकल्यावर ती एकटी स्वयंपाकघरात बसून काहीतरी पातळ, कालवलेलं खायची. ओव्हनमध्ये जुन्या कढया जाऊन बसल्या. मामा गिऱ्हाइकांना दुकानातली बिस्किटं द्यायला लागला, आणि त्यांवरून कवळीचं काहीच कळत नाही म्हणून कुरकुरायचा.

हिरड्या भरल्या. डॉक्टरीणबाईंनी साचा पाठवला आणि मामा दार लावून बसला. एरवी तो काम करताना मला आत येऊ देतो, या वेळी येऊ दिलं नाही. एका सुट्टीच्या सकाळी त्याने मामीला खुर्चीत बसवलं, तिच्या हातात आरसा दिला आणि कवळी बसवली. मी तिथेच होते. दात असे सुरेख, की काय सांगू! सरळ, एकसारखे, मोत्याच्या माळेसारखे. ना फट, ना कललेला दात. मी टाळ्याच वाजवल्या. मामीने आरशात पाहिलं. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. 

“छान झालेत,” ती म्हणाली. मग आरसा मांडीवर पालथा ठेवला. “इतकी वर्षं माझे दात तुमच्या डोळ्यांत खुपत होते तर.”

मामाने तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आता हा म्हणेल की नाही गं, वेडी का काय. पण नाही. त्याचा चेहरा पडला, कान लाल झाले, आणि तो मूग गिळून बसला. मामीने कवळी काढली, पाण्याच्या पेल्यात टाकली आणि ती आत निघून गेली. त्यानंतर तिने ती परत घातली नाही. पेला खिडकीत राहिला. दुपारचं ऊन पडलं की ते सरळ दात पाण्यात चमकायचे आणि घरात कोणीही त्या बाजूला बघायचं नाही. मामी मामाशी बोलायची, पण नुसतं ‘जेवण वाढलंय’ आणि ‘दार लावा’ एवढंच. ती वाळत चालली होती. पाठीमागून पाहिलं तर भलतंच कोणी वाटायचं. मला भीती वाटायला लागली.

मला दुसऱ्यांच्या भांडणात पडायची खोड आहे. मी मामाला त्याच्या खोलीत गाठलं. “तुला वाचा नाही का? तिच्या मनात काय भरलंय कळतंय ना तुला? की इतकी वर्षं तू तिच्या तोंडाकडे बिघडलेलं काम म्हणून बघत होतास, आणि संधी मिळताच दुरुस्त करून टाकलंस!”

मामाने खण उघडला. आत गुलाबी मेणाच्या पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर पुढचे दात बसवलेले. एकीत दात डावीकडे कललेला. दुसरीत उजवीकडे. एकीत फट एवढीशी, एकीत काडी जाईल एवढी. मी बघतच राहिले.

“कुठल्या बाजूला होता?” मामाने मला विचारलं. “तू सांग.”

“उजवीकडे,” मी ठणकावून सांगितलं. मग डोळे मिटून मामीला समोर आणायचा प्रयत्न केला. हात दिसला, तोंडावर धरलेला. डोळे दिसले, हसून बारीक झालेले. “थांब. डावीकडे असेल.”

“बघ,” मामा म्हणाला. “मला टपालवाल्याची दाढ आठवते. आपल्या जुन्या घरमालकाचा सुळा आठवतो, त्याला जाऊन किती वर्षं झाली. आणि हिचं समोरचं तोंड आठवत नाही. फट होती एवढं माहीत आहे. केवढी होती, सांगता येत नाही. अर्धवट आठवणीवर दात बसवले असते तर आरशात दुसरीच बाई दिसली असती तिला. त्यापेक्षा म्हटलं, सरळ करावेत. सरळ दात कोणाचेही असतात.”

“मग हे तिला सांग की!”

“काय सांगू? सगळ्या गावाचं तोंड लक्षात आहे, तुझं तेवढं विसरलो, म्हणून? त्यापेक्षा तिला वाटतंय ते परवडलं.”

मी त्याच्यावर चिडलेही आणि मला भरूनही आलं. फळ्यांवरची सगळी तोंडं हसत होती. त्यांच्यामध्ये हा म्हातारा, हातात मेणाची पट्टी धरून, कोणी कान पिळल्यासारखा बसला होता.

कुकीज करायची कल्पना त्याचीच. “वास सुटला की ती उठून येईल,” तो म्हणाला. “निदान आपल्याबरोबर बसून काही खाईल. दात नसले तरी मऊ कुकी दुधात बुडवून खाता येते.” जन्मात त्याने ओव्हनला हात लावला नव्हता. पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही ओव्हनमधल्या कढया बाहेर काढल्या, मैदा, ओट्स, बटर, अंडी असं सगळं ओट्यावर मांडलं. मामी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उसवलेली उशी शिवत बसली होती. तिने आमच्याकडे पाठ केली. पण उठून गेली नाही, हे मी पाहून ठेवलं.

मामाने बाऊलमध्ये अंडं फोडलं आणि वरून मैदा भुरभुरायला लागला. अगदी हळू, चिमटीचिमटीने, जसं तो पाण्यावर प्लास्टर सोडतो तसं. मग एकदम जीव खाऊन ढवळायला लागला.

“एवढी घाई कशाची?” मी म्हटलं.

“आळेल ना!”

“मैदा आहे मामा, प्लास्टर नाही.”

तरी त्याचे हात ऐकेनात. मिश्रणातले बुडबुडे जावेत म्हणून तो बाऊल ओट्यावर आपटायला लागला, ठक ठक ठक. मैदा उडाला. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या, माझे केस पांढरे झाले. खिडकीकडून सुई थांबल्याचं मला पाठीनेच कळलं.

“आधी बटर,” मामी उशीकडे बघत म्हणाली. दात नसल्यामुळे तिचे शब्द मऊ होऊन यायचे, कडा नसल्यासारखे. “बटर आणि साखर आधी फेटायची. ते टाकून द्या. नव्याने घ्या.”

आम्ही मुकाट्याने नव्याने घेतलं. तिथून पुढे ती सांगत गेली आणि आम्ही करत गेलो. बटर नि ब्राऊन साखर फिकट होईपर्यंत फेटायची. अंडं एकदम नाही, थोडं थोडं. मग व्हॅनिला. मैदा, कोको, खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ वेगळं चाळून. ओट्स शेवटी, आणि ते घातल्यावर फार घोळायचं नाही. मामा प्रत्येक गोष्टीला “बरं” म्हणत होता. उन्हं खाली आली होती. हवेत मैद्याची धूळ तरंगत होती, तशीच, लहानपणी मला झोप आणणारी. कोकोचा वास, चमच्याचा आवाज, मामीचा मऊ आवाज. क्षणभर मला वाटलं, मी आतल्या खोलीत झोपलेय आणि हे सगळं झोपेत ऐकतेय, आणि जागी झाल्यावर सगळं पूर्वीसारखंच असेल. जागं व्हायचं नाही असं मी मनाशी ठरवलंसुद्धा.

“चॉकलेट,” मामी म्हणाली.

मी मामाकडे पाहिलं. मामाने माझ्याकडे पाहिलं. आणायचं दोघंही विसरलो होतो.

“फ्रिजमध्ये मागे बघ. कागदात गुंडाळलेलं असेल. पडायच्या आधी आणलं होतं मी.”

मी फ्रिजमध्ये कोपरापर्यंत हात घातला. बाटल्यांच्या मागे कागदाची पुडी सापडली. उलगडली. जाड लादी, जुनी झाल्यामुळे वरून पांढुरकी पडलेली, आणि एक कोपरा तुटलेला. मी ती ओट्यावर ठेवली, सुरी घेतली आणि त्या तुटक्या कोपऱ्यापासूनच चिरायला सुरुवात करणार, तेवढ्यात मामा ओरडला.

“थांब!”

माझ्या हातून सुरी पडता पडता राहिली. एवढ्या मोठ्याने ओरडताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं. त्याने लादी उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती नाकापाशी धरली. मग खिडकीपाशी, मामीच्या डोक्यावरून, उजेडात धरली. कोपरा तुटला होता तिथे कड सरळ नव्हती. दाताचे ठसे होते. दोन रुंद, त्यांच्या मध्ये चॉकलेटची एक बारीक उभी भिंत, जशीच्या तशी उभी. आणि त्यांच्या शेजारी एक ठसा तिरका, बाजूच्यावर रेललेला. मामाने लादी स्वतःच्या तोंडाला लावून पाहिली, उलटी करून पाहिली, परत सुलटी केली. त्याच्या ओठांना कोको लागला.

“डावीकडे!” तो म्हणाला. “डावीकडे होता! आणि फट एवढीशीच होती गं. मी केवढी मोठी धरून बसलो होतो!”

मामीने उशी खाली ठेवली. “काय डावीकडे?”

 ओव्हन तापत होता, त्याची गूं गूं तेवढी ऐकू येत होती.

“काय डावीकडे, अहो?”

“तुझा दात,” मामा म्हणाला. तो लादी दोन्ही हातांत धरून उभा होता आणि त्याच्या भुवया अजून पांढऱ्याच होत्या. “कललेला. मला आठवत नव्हतं, कुठल्या बाजूला. खूप आठवून बघितलं. मेणात करून बघितलं. येईना. म्हणून सगळे सरळ केले.”

“तुम्हाला आठवत नव्हतं?”

“नाही.”

“एवढा वाकडा दात. इतकी वर्षं समोर. आणि तुम्हाला बाजूसुद्धा माहीत नव्हती?”

“मी कधी बघितलंच नाही तसं,” मामा म्हणाला.  “बाहेरच्या माणसाने तोंड उघडलं की मला दात दिसतात. तू तोंड उघडलंस की मला तू दिसायचीस. आता त्याला मी काय करू? चुकलंच माझं.”

मामी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हिला रडू फुटणार, किंवा ही काहीतरी लागेल असं बोलणार. मी मध्ये पडायच्या तयारीतच होते. आणि मामी हसली. पोटातून, खदाखदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वर एकही दात नाही, नुसती गुलाबी हिरडी, आणि ती मान मागे टाकून हसत होती. “बाजूसुद्धा माहीत नाही!” ती मला म्हणाली. “ऐकलंस का? आणि मी मरत होते, की हा माणूस रोज माझा दात बघतो!” आणि परत हसली. तिचा हात मांडीवरच होता. तोंडावर गेला नव्हता. ते माझ्या लक्षात आलं आणि मग माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. मैदा गेला असेल म्हणा डोळ्यांत.

मामाला मात्र आता दम निघेना. पीठ तसंच राहू द्या, तो म्हणाला, आणि लादी घेऊन पळाला. “राहू दे थोडा वेळ,” मामी म्हणाली, “ओट्स मऊ होतील.” मी त्याच्या मागे गेले. मला वाटलं, हा आता ठशात प्लास्टर ओतणार. त्याने मान हलवली. प्लास्टर आळताना गरम होतं; चॉकलेट वितळलं असतं आणि मामीचे दात कायमचे गेले असते. डॉक्टरीणबाई तोंडाचा साचा घ्यायला वापरतात ती पेस्ट त्याने बर्फाच्या पाण्यात कालवली, ती थंडच आळते. चमच्याच्या टोकाने ठशात भरली. मग आम्ही दोघं त्या फळ्यांखाली श्वास रोखून बसलो. त्याने कड उचलली, हळूच ओढलं, आणि त्याच्या तळहातावर मामीचे पुढचे दात आले. मऊ, रबरासारखे, कडेला चॉकलेट लागलेले. मध्ये ती फट, आणि डावीकडे तो आगाऊ दात.

“हीच,” मामा म्हणाला. जसं कोणी गर्दीत हरवलेलं माणूस सापडल्यावर म्हणेल तसं म्हणाला.

लादी तशीच जपून ठेवायचा त्याचा विचार होता. मामीने तो हाणून पाडला. “फळीवर ठेवाल, मुंग्या येतील. चिरा ती.” वरची पांढरी साय ओव्हनमध्ये कळत नाही, असंही ती म्हणाली. मग मीच लादी चिरली, तो कोपरासुद्धा, आणि पिठात मिसळली. मामाने चमच्याने गोळे ठेवले, अंतर सोडून, तेही दात बसवावेत तसे मोजून मापून. कडा धरल्या आणि मधलं अजून ओलसर दिसत होतं तेव्हा मामी म्हणाली, “काढा. बाहेर आल्यावर होतील.” वास घरभर पसरला, दातांच्या खोलीतसुद्धा गेला. त्या दिवशी मामी आमच्याबरोबर टेबलाशी बसली आणि मऊ कुकी दुधात बुडवून, हिरड्यांनी, सावकाश खाल्ली. कोपऱ्याचा तुकडा कोणाच्या कुकीत आला कोण जाणे.

दुसरी कवळी, फटीसकट, व्हायला वेळ लागला. या वेळी मामाने दार लावलं नाही. मामी अधूनमधून दारात येऊन उभी राहायची, “अजून जरा कलता होता,” म्हणायची, आणि मामा घासायचा. फळीवरच्या रिकाम्या जागेत आता एक छोटं पांढरं हसू आहे, माझ्या दुधाच्या दातांच्या शेजारी.

परवा दुपारी मी तिथे झोपायला गेले. ऊन फळीवर चढत होतं. स्वयंपाकघरात कुकीजचा दुसरा डबा उघडल्याचा आवाज आला, जास्त भाजलेल्यांचा. कोणीतरी कुरकुर चावत होतं. मी भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले. झोपेचा पहिला पदर अंगावर आला आणि तेवढ्यात ऐकू आलं.

‘च्च.’

मी डोळे उघडले नाहीत. मामा पलीकडे काम करत होता. त्याच्या हातातलं हत्यार खाली ठेवल्याचा आवाज झाला.  

“अडकला?” त्याने विचारलं.

“अडकला,” मामी म्हणाली.